माइकवाल्या गजभियेबाई

गजभियेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका बंद पडलेल्या टीव्हीवर डबा ठेवून जेवत होत्या. बाजूचा टीव्ही चालू होता. त्यावर गावातला मुख्य चौक दिसत होता, म्हणजे चौक असावा असं वाटत होतं. राखाडी रंगात काहीतरी हलत होतं, एवढंच. मी कंपनीचं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते डाव्या हातात धरून आधी फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"बसा शेंडेभाऊ. जेवन झालं काय?"

मी म्हटलं, झालं. टीव्हीकडे बोट करून विचारलं, हे असंच दिसतं का?

"असंच. यात मानूस दिसत नाई, मानसाचा भास दिसते," त्या म्हणाल्या आणि भाजीत पोळी बुडवली.

मी अड्याळचा. गावात माझं डिश टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक मोबाइलवरच सगळं पाहायला लागले तसं दुकान बसलं. मग भंडारा जिल्ह्यातल्या ठाण्यांमधले जुने कॅमेरे काढून नवे बसवण्याचं काम घेतलेल्या एका कंपनीत मी लागलो, आणि नवी यंत्रणा बसवायला व पुढे देखभालीला कंपनीने मला एका तालुक्याच्या गावी ठेवलं. गावाचं नाव सांगत नाही. या हकिकतीतली माणसं अजून तिथेच राहतात.

सुशीला गजभिये तिथे हवालदार होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, अंगाने भरलेल्या. एका मिरवणुकीच्या बंदोबस्तात ट्रॅक्टरची ट्रॉली त्यांच्या पायावरून गेली होती. तेव्हापासून उजवा पाय ओढत चालायच्या. बसून करायचं काम म्हणून त्यांना कॅमेऱ्याच्या खोलीत टाकलं होतं. ठाण्यात त्या खोलीला फारशी किंमत नव्हती. बाकीचे शिपाई तिथे यायचे ते मोबाइल चार्ज करायला, कारण इन्व्हर्टरची लाइन फक्त त्याच खोलीत होती.

बाईंची एक सवय माझ्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. खोलीत कोणी नसलं तरी त्या दार वाजवून आत यायच्या. मला वाटलं मी आत आहे म्हणून वाजवतात. एकदा मी बाहेर ओट्यावर वायर सोलत बसलो होतो, खोली रिकामी होती, तरी बाईंनी कडी वाजवली आणि मग आत पाय टाकला. मी विचारलं, आत कोण आहे?

"येवढी मानसं हायेत ना," त्या टीव्हीकडे पाहून म्हणाल्या. "त्याइले मालूम नाई आपन पाहून राहिलो म्हनून. मंग आपनच जरा रीतीनं याव."

हे त्या गमतीने म्हणत होत्या की खरंच, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पडद्यावरच्या कोणालाही त्या कधी संशयित म्हणाल्या नाहीत. चोरीच्या गाडीवर बसलेला माणूससुद्धा त्यांच्या तोंडी 'तो भाऊ' असायचा. आणि कोणी शिपाई पडद्यासमोर रेंगाळला, एखाद्या मुलीकडे पाहून दुसऱ्याला खूण करायला लागला, की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दिसलं म्हनून पाहाच लागते असं नाई." आवाज चढायचा नाही. शिपाई चार्जर काढून निघून जायचा.

नवी यंत्रणा बसायला उन्हाळाभर लागला. गावात नवे पोल उभे झाले, जमिनीखालून केबल गेली, ठाण्यातली ती खोली मोठी करून एका भिंतीवर पडदेच पडदे लावले. कॅमेरे कुठे लावायचे याची यादी आधीच झाली होती. बाईंनी ती वाचली. त्यांची बौद्ध वस्ती यादीत संवेदनशील म्हणून नोंदली होती आणि तिथे दोन कॅमेरे होते. शाळेसमोरच्या रस्त्यावर एकही नव्हता.

तेव्हाचे ठाणेदार वयस्क होते, बदलीच्या उंबरठ्यावर होते. बाई त्यांच्यासमोर यादी घेऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आमच्या वस्तीत जयंतीले गर्दी राहते हे बरोबर हाये. बाकी वर्षभर तिथं कोंबड्या फिरतात. कोंबड्याइचं रेकॉर्डिंग करून काय करता? शाळेसमोर गाड्या कशा जातात ते पाहा एक दिवस."

ठाणेदार हसले. एक कॅमेरा शाळेसमोर गेला. दुसरा वस्तीतच राहिला आणि योगायोगाने बाईंच्या घरासमोर आला. त्यांची आई दिवसभर दारात खाटेवर बसलेली असायची. आता ती भिंतीवरच्या एका पडद्यावर बसलेली दिसू लागली. बाई दुपारी फोन लावायच्या. "माय, ऊन आलं ना अंगावर. खाट सरकव." म्हातारी चमकून इकडेतिकडे पाहायची आणि खाट ओढायची. पोरीला ठाण्यात बसून सगळ्या जगातलं दिसतं असा तिचा समज झाला होता. नाकाडोंगरीला राहणाऱ्या आपल्या भावाचं बरं चाललंय का, हेही ती बाईंना विचारायची.

यंत्रणा सुरू करण्याच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिल्ह्याहून अधिकारी आले होते, नगरपंचायतीचे पदाधिकारी होते. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला होता. चौकातल्या गाडीचा नंबर कसा वाचता येतो, दुकानावरची पाटी कशी दिसते, हे त्याने दाखवलं. मग म्हणाला, आता लांबचं बघा. तलावाच्या पाळीवर एक फिरणारा कॅमेरा होता. त्याने तो वळवला आणि चित्र जवळ आणत गेला. पाणी आलं, पायऱ्या आल्या आणि एकदम भिंतभर घाट आला. घाटावर बायका आंघोळ करत होत्या. एक जण ओलं लुगडं खांद्यावरून सोडून पाठीला साबण लावत होती. साबणाचा रंगसुद्धा दिसत होता.

इंजिनिअरचा हात थबकला. मागून कोणीतरी हसल्याचा आवाज आला.

चहाची व्यवस्था बाईंकडे होती. त्या कोपऱ्यात उभ्या होत्या. पाय ओढत त्या पुढे आल्या आणि पडद्यांच्या भिंतीसमोर, सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एका माणसाने झाकली जाईल एवढी ती भिंत लहान नव्हती. त्यांच्या खांद्यावरून त्या बाईचा साबण लावणारा हात दिसतच होता.

"चहा थंडा होऊन राहिला साहेब," बाई म्हणाल्या. "घेऊन घ्या."

इंजिनिअरने घाईघाईने कॅमेरा टेकडीकडे फिरवला. सगळे चहाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "शेंडेभाऊ, तो घाट झाकता येते काय?"

मी म्हटलं, येतो. चित्रावर काळा चौकोन आखायचा. तेवढा भाग पडद्यावर काळा दिसतो आणि रेकॉर्डही काळाच होतो.

"मंग कोनी नंतर उघडून पाहू म्हनलं तर?"

"नाही उघडत. जे रेकॉर्डच झालं नाही ते उघडणार कुठून?"

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग चांगलं हाये," त्या म्हणाल्या.

त्यांनी ठाणेदारांना विचारलं. ठाणेदार म्हणाले, करून टाका, पण लेखी काही नको. मी चौकोन आखला. पाळीवरून घाटाकडे उतरणारी वाट दिसत राहिली आणि शेवटच्या पायऱ्या काळ्या झाल्या. पुढे ते ठाणेदार बदलून गेले. चौकोन तसाच राहिला.

नव्या यंत्रणेत चौकाचौकात भोंगे होते आणि खोलीत एक माइक. वाहतुकीच्या सूचना देण्यासाठी. गजभियेबाई गावाला माहीत झाल्या त्या या माइकमुळे. त्या छापील भाषेत बोलत नसत. पडद्यावर माणूस दिसला की त्याच्याशी बोलायच्या, अंगणातून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारावी तशा.

"ओ निळ्या शर्टवाले भाऊ, गाडी बाजूले घ्या जी. मागं बस उभी हाये, त्यातल्या लोकाइले घरी जाच हाये."

निळ्या शर्टवाला आभाळाकडे पाहायचा आणि गाडी बाजूला घ्यायचा.

"ताई, ओढनी पाहा. चाकात जाऊन राहिली."

एका बाजाराच्या दिवशी त्या ओरडल्याच. मी पडद्याकडे पाहिलं तेव्हा स्कूटीवर मागे बसलेली एक मुलगी ओढणी गोळा करत होती. ओढणीचं टोक फाटून चाकात अडकलं होतं. मुलगी खाली उतरली, गळा चाचपत उभी राहिली आणि भोंग्याकडे पाहून तिने हात जोडले. बाईंनी इकडे पडद्यासमोर मान हलवली. मग लगेच पानठेल्यासमोर खर्रा थुंकणाऱ्या एका माणसाला त्यांनी हटकलं. तो माणूस नेमका एका पदाधिकाऱ्याचा साळा निघाला.

तक्रार आली. नव्या ठाणेदारांनी बाईंना एक छापील कागद दिला. यापुढे एवढंच वाचायचं. ठाणेदार तरुण होते, नगरकडचे, कामाला चोख. बाईंवर त्यांचा राग नव्हता. त्यांना फक्त सगळं नियमात हवं होतं.

त्याच दिवशी चौकात म्हशी बसल्या. बाईंनी चष्मा लावला, कागद धरला आणि वाचलं, "सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, सार्वजनिक मार्गावर जनावरे मोकाट सोडणे हा दंडनीय अपराध आहे." म्हशी बसून राहिल्या. नागरिकही बसून राहिले. बाईंनी पुन्हा वाचलं. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागल्या. बाईंनी कागदाची घडी केली.

"अरे, ह्या म्हशी कोनाच्या हायेत? नेत नसान तर मी ठान्यात आनून बांधतो. दूध आमी पिऊ."

पानठेल्यामागून एक माणूस काठी घेऊन धावत सुटला. चौकातले लोक हसले ते आम्हाला पडद्यावर दिसलं. आवाज येत नव्हता, पण तोंडं दिसत होती. ठाणेदार दारात येऊन उभे होते. ते तसेच परत गेले. त्यानंतर कागदाचा विषय निघाला नाही. लोक बाईंना माइकवाली बाई म्हणू लागले.

ही सगळी पावसाळ्याच्या मध्यापर्यंतची गोष्ट. पोळ्याच्या आधी तलाव काठोकाठ भरला होता. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ आलं होतं. एका सकाळी मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या गिरजाबाई नान्हे कपडे धुवायला गेल्या त्या परत आल्या नाहीत. दुपारी त्यांच्याच मोहल्ल्यातल्या माणसांनी होडीसारखा डोंगा घालून त्यांना पाण्याबाहेर काढलं. जन्मभर त्या तलावातल्या मासोळीवर त्यांचं घर चाललं होतं.

त्या सकाळी घाटावर दुसरं कोणी नव्हतं. भाताचा रोवणा उशिरा लागला होता आणि बायका शेतावर गेल्या होत्या. त्यामुळे गिरजाबाई घसरल्या की त्यांनी उडी घेतली, हे कोणाला माहीत नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यांचं आणि सून रंजनाचं भांडण झालं होतं. रंजना लेकरं घरी टाकून बाजारात मासोळी विकायला बसते, यावरून. शेजारच्यांनी ते ऐकलं होतं. गिरजाबाईंची मुलगी लता नाकाडोंगरीला दिलेली. ती आली आणि आईच्या अंगावर पडून म्हणाली, "हिनंच माझ्या मायले पान्यात धाडलं." मोहल्ल्यात ते वाक्य राहिलं. रंजना घरातून बाहेर येईना. तिचे भाऊ तिला घेऊन जायला आले. घेऊन गेले तर पुन्हा पाठवणार नाहीत, असंही कोणी म्हणालं.

गिरजाबाईंचा मुलगा दिलीप ठाण्यात आला. बारीक, खाली मान घालून बोलणारा माणूस. तो म्हणाला, "साहेब, पाळीवर कॅमेरा हाये. त्यात दिसन ना माय घसरली का काय झालं ते."

ठाणेदार त्याला घेऊन खोलीत आले. मी त्या सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. पाळीवरून गिरजाबाई डोक्यावर घमेलं घेऊन उतरताना दिसल्या आणि काळ्या चौकोनात शिरल्या. त्यानंतर नुसता चौकोन होता.

"हे काय आहे?" ठाणेदारांनी मला विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी बाई म्हणाल्या, "ते मी लावाले सांगितलं साहेब. शेंडेभाऊनं माझ्या सांगन्यावरून केलं."

"कोणाच्या परवानगीने?"

बाईंनी आधीच्या ठाणेदारांचं नाव घेतलं नाही. घाटावर बायका आंघोळ करतात, एवढंच सांगितलं. ठाणेदार थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. दिलीपही पाहत होता. मग तो म्हणाला, "म्हंजे काईच नाई दिसत?" आणि कोणी काही म्हणायच्या आत निघून गेला.

त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. माइकवर बोलल्या नाहीत. चौकात एक ट्रक आडवा लागला होता, तो तसाच होता. संध्याकाळी निघताना मला म्हणाल्या, "एका बाईची लाज झाकाले गेली शेंडेभाऊ, न दुसऱ्या बाईचं तोंड काळं झालं."

मी म्हटलं, तुम्ही चुकीचं काही केलं नाही.

"ते मले मालूम हाये. त्यानं रंजनाचं काय होते?"

दुसऱ्या दिवशी त्या लवकर येऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, घाटावरचं नाही तर नाही, घाटापर्यंतचं तर आहे. ढिवर मोहल्ल्याच्या तोंडाशी एक कॅमेरा होता, पुढे दुकानांच्या ओळीत होता, मग बसथांब्यावर, मग पाळीवर. आम्ही गिरजाबाईंना मोहल्ल्यातून निघाल्यापासून शोधलं. जुन्या कॅमेऱ्यात ही एक राखाडी म्हातारी झाली असती. नव्यात त्यांच्या घमेल्यातलं वरचं लुगडं गुलाबी आहे हे दिसत होतं. वाटेत त्या एका किराणा दुकानासमोर थांबल्या, घमेलं ओट्यावर ठेवलं, साबण घेतला आणि दुकानदार बाईशी हात हलवून काहीतरी बोलल्या. आवाज नव्हता. पण दोघी हसताना दिसल्या.

"चला," बाई उठल्या.

"कुठे?"

"दुकानात. आवाज तिथं हाये."

दुकानदार बाई आधी बोलायला तयार नव्हती. पोलिसांच्या भानगडीत तिला पडायचं नव्हतं. बाई ओट्यावर बसल्या, पाय लांब केला आणि पाणी मागितलं. मग ती बाई आपणहून बोलली. गिरजाबाईने साबण घेतला, म्हणाली, सुनेचं लुगडं घेऊन आली धुवाले, रात्री जरा जास्तच बोलून गेली मी तिले. नातीसाठी चिवड्याची पुडी काढून ठेव, येताना नेतो.

"पुडी?"

तिने मागे वळून फळीवरची पुडी दाखवली. काढून ठेवलेली अजून तिथेच होती. द्यायला जाऊ की नको, हे तिला कळत नव्हतं.

मला वाटलं आता प्रश्न मिटला. मी म्हटलं, माइकवरून सांगून टाका, सगळ्या गावाला एकदम कळेल. बाईंनी मान हलवली.

"माइक रस्त्यासाठी हाये. ज्याइले मालूमच नव्हतं त्याइलेही सांगाचं काय, का रंजनावर असा आळ आला होता म्हनून?"

त्या ठाणेदारांकडे गेल्या. दुकानदार बाईचा जबाब घ्यावा आणि लताला रेकॉर्डिंग दाखवावं, अशी त्यांची विनंती होती. जबाब घेऊ, ठाणेदार म्हणाले. रेकॉर्डिंग मात्र अकस्मात मृत्यूच्या चौकशीचा भाग आहे, बाहेरच्या कोणालाही दाखवता येणार नाही. नियमाने ते बरोबर होते आणि बाईंनाही ते ठाऊक होतं. एरवी कोणी पुढारी येऊन अमक्याचं रेकॉर्डिंग दाखवा म्हणाला, तर त्याच त्याला अर्ज आणायला सांगत.

"तेरवीच्या आधी तिचे भाऊ तिले घेऊन जातीन," बाई खोलीत आल्यावर म्हणाल्या. "जबाब कागदावर राहीन."

ठाणेदार जिल्ह्याच्या बैठकीला गेले त्या दुपारी त्यांनी दिलीपकडून लताला बोलावलं. मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर चहा प्यायला जा, मला बटणं कळतात. मी गेलो नाही. त्यांना बटणं कळत नव्हती.

लता आली ती रागातच. तिशीची बाई, डोळे सुजलेले. बाईंनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. मी पहिलं चित्र लावलं. भिंतीवर गिरजाबाई मोहल्ल्याच्या तोंडाशी आल्या. माणसाच्या उंचीएवढ्या दिसत होत्या. वाटेत आलेल्या एका बकरीला त्यांनी पायाने बाजूला केलं आणि तोंडाने काहीतरी म्हणाल्या. लता हसली, आणि हसता हसता तिने तोंडाला पदर लावला.

दुकान आलं. गिरजाबाईंनी घमेलं उतरवलं.

"ते लुगडं कोनाचं हाये?" बाईंनी विचारलं.

लता खुर्चीतून पुढे वाकली. मग म्हणाली, "रंजनाचं. लग्नात मीच देल्लं होतं."

बाईंनी तिला दुकानातलं सगळं सांगितलं. पुडीचं सांगितलं. पडद्यावर बसथांबा गेला, पाळ आली. गिरजाबाई उतरू लागल्या आणि काळ्यात गेल्या.

"आता पुढं?"

"पुढं काळं हाये. ते मी कराले लावलं होतं. घाटावर बायका आंघोळ करतात, ते इथं दिसे म्हनून. ते काळं नसतं तर तुले सारंच दिसलं असतं."

मला वाटलं लता आता ओरडेल. ती पडद्याकडेच पाहत होती.

"मायबी तिथंच आंघोळ करे," ती म्हणाली.

थोड्या वेळाने म्हणाली, "ते साबन घेतानाचं पुन्हा दाखवा ना."

मी पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदाही दाखवलं. मग ती उठली आणि बाईंकडे न पाहता बाहेर पडली. त्या संध्याकाळचं दिलीपने मला पुढे केव्हातरी सांगितलं. लता घरी गेली, चुलीपाशी जाऊन बसली आणि रंजनाला म्हणाली, "चहा मांड." आई गेल्यापासून ती तिच्याशी बोललेली नव्हती. रंजनाने चहा मांडला. तिचे भाऊ बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांनाही दिला. दुसऱ्या दिवशी भाऊ एकटेच परत गेले.

लता ठाण्यात येऊन गेल्याचं ठाणेदारांना कळायचं ते कळलंच. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. बाईंनी लपवालपवी केली नाही. मला त्यांनी चहाला पाठवलं होतं, असं मात्र सांगितलं. ठाणेदारांनी ते खरं धरलं की नाही कोण जाणे, माझ्याबद्दल कंपनीला काही गेलं नाही. बाईंना मेमो मिळाला आणि महिनाभरात बदली झाली. दुसऱ्या एका ठाण्यात, गावोगाव समन्स पोचवण्याच्या कामावर. त्या पायाने. ठाणेदारांना ते आवडलं असेल असं मला वाटत नाही. हुकूम देताना ते खिडकीबाहेर पाहत होते.

जायच्या दिवशी बाईंनी खुर्चीवरची उशी काखेत मारली. माइकचं बटण बंद आहे ना ते पाहिलं. "येतो शेंडेभाऊ. मायच्या घरासमोरच्या पोलाची लाइन ढिली हाये, तेवढं पाहून घ्या," असं म्हणाल्या आणि गेल्या.

चौकोन काढायचा हुकूम मला आला. मी काढला. घाट पुन्हा भिंतीवर दिसू लागला. ते बायकांना कसं कळलं माहीत नाही, पण त्या एक दिवस घोळक्याने नगरपंचायतीत जाऊन बसल्या. त्यात लता नव्हती, ती नाकाडोंगरीला परतली होती. दिलीपच्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच होत्या. मग आंघोळीच्या कोपऱ्याला टिनाचे पत्रे लागले आणि कॅमेऱ्यात पायऱ्या तेवढ्या राहिल्या. हे आधीच करता आलं असतं, असं सगळेच म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात वादळात दोन पत्रे उडून तलावात पडले. ढिवरांनी ते काढले आणि कोणाच्या तरी बकऱ्यांवर छप्पर घातलं. नवे पत्रे लागेपर्यंत बायका आडोशाला लुगडं धरून आंघोळ करत होत्या.

माइकवर आता रेकॉर्ड केलेला आवाज लावतात. शुद्ध बोलणारी कोणी शहरातली बाई आहे.

त्यानंतर गजभियेबाई मला एकदाच दिसल्या. मोहाडीच्या बाजारात. मी एका कामासाठी तिकडे गेलो होतो. त्या निवृत्त झाल्याचं कानावर आलं होतं. साध्या सुती लुगड्यात, हातात कापडी थैली घेऊन त्या मासोळीच्या ओळीत उकिडव्या बसल्या होत्या. मी हाक मारायला पुढे झालो आणि थांबलो. त्यांच्यासमोर विळी घेऊन बसलेली मासोळीवाली रंजना होती; पडद्यावर मी तिला कितीदा पाहिलं होतं.

रंजनाने बाईंना कधी समोरून पाहिलं नव्हतं. बाईंनी तिला ओळखलं होतं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्या मरळीचे कल्ले उघडून पाहत होत्या आणि मासोळी कालची आहे म्हणत होत्या. रंजना ऐकून घेत नव्हती. "काकू, सकाळी तलावातून काढली हाये. घ्याची नसन तर दाबू नका." शेवटी बाईंनी घेतली. रंजना खवले काढू लागली.

"घरी कोन कोन हायेत व?" बाईंनी विचारलं.

"नवरा हाये, दोन लेकरं हायेत," रंजना हात न थांबवता म्हणाली. "सासू नाई. ननंद हाये, ते येत राहते. आता आलीच हाये, लेकरं तिच्याजवळच ठेवून आली मी."

"बरं हाये," बाई म्हणाल्या.

त्यांनी थैली पुढे केली, तुकडे घेतले आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. तेव्हा त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून. मग पाय ओढत मिरच्यांच्या ढिगांमधून वाट काढत त्या बसथांब्याकडे गेल्या. रंजनाने विळीवर पाणी मारलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक दिली.